होमब्रू खेळ: पाचव्या लेव्हलनंतर घाडी सगळ्यांना झाकून टाकतो, क्लासचा समतोल कसा आणायचा?

साकव
नमस्कार मंडळी. फोंड्याच्या पाच जणांच्या टेबलासाठी डंजन्स अँड ड्रॅगन्ससारखा एक भूमिकांचा खेळ स्वतःच (होमब्रू) बेतलाय. पार्श्वभूमी कदंबांच्या काळातल्या गोव्याची: खाजनं (खाडीकाठची भातशेतं), बांध, मानशी (बांधातले पाणी सोडायचे मार्ग), देवराया, घाटवाटा. लेव्हल १ ते १०. डी२० म्हणजे वीस बाजूंचा फासा टाकायचा, बोनस मिळवायचा, समोरच्याच्या बचावाइतके किंवा जास्त आले की फटका बसला. क्लास (पात्रांचे प्रकार) पाच: पाईक (सैनिक), शिकारी, घाडी (मांत्रिक), वैद्य, तांडेल (नावाडी).

पाचव्या लेव्हलचे आकडे देतो.
पाईक: बोनस +६, दोन वार, प्रत्येकी १डी८+४ (आठ बाजूंचा एक फासा, अधिक ४). बचाव १८, हिट पॉइंट (सोसायचा मार) ४४.
शिकारी: तेच वार धनुष्याने, बोनस +८.
घाडी: ६ मंत्रबळ. अग्निवर्षाव २ बळाला, ८डी६, वर्तुळाचा व्यास २० फूट, शत्रूने तग धरली (फाशावर मंत्र झेलला) तर निम्मं डॅमेज. बळ न लागणारा छोटा मंत्र १डी१०, बोनस +६. बचाव १२, हिट पॉइंट २६.
वैद्य: एका ॲक्शनमध्ये १डी८+३ भरून काढतो.
तांडेल: होडी, दोर, जाळं, पोहणं.
नेहमीचा शत्रू झोटिंग: बचाव १५, हिट पॉइंट ४०, बोनस +५, सरासरी डॅमेज ९. अग्निवर्षावाला तग धरायची शक्यता ५० टक्के.

चौथ्या लेव्हलपर्यंत सगळं सुरळीत. पाचव्याला घाडी दोन टर्नमध्ये लढाई आटपतो आणि बाकीचे बघत बसतात. घाडीचं डॅमेज कापू, की पाईकाचं वाढवू?

घुमट
आधी हिशेब मांडून बघू, मग कात्री लावू.

पाईकाला बचाव १५ गाठायला फाशावर ९ लागतात, म्हणजे ६० टक्के. एका वाराची सरासरी ८.५. दोन वार × ०.६ × ८.५ = राउंडला (सगळ्यांचा एकेक टर्न) १०.२. शिकाऱ्याला ७ पुरतात, ७० टक्के, राउंडला ११.९. तोही लांब उभा राहून, मार न खाता. तेव्हा घाडीच्या आधी इथेच गडबड आहे: पाईक शिकाऱ्याच्याही मागे आहे.

अग्निवर्षाव: ८डी६ ची सरासरी २८. निम्मे जण तग धरतात, म्हणून माणशी २१. दोन झोटिंग सापडले तर ४२, तीन सापडले तर ६३. पाईकाची सहा राउंडची मेहनत एका टर्नमध्ये.

रोयण
साकव, पूर्ण विश्रांतीच्या (जिच्यात मंत्रबळ पुन्हा भरतं) आधी तुमच्याकडे किती लढाया होतात?

साकव
एक. फार तर दोन. रविवारी तीन तास मिळतात, त्यात आणखी बसत नाहीत.

रोयण
मग दुखणं क्लासच्या तक्त्यात नाही, दिवसाच्या आखणीत आहे. घुमटने दिलेलेच आकडे पुढे नेतो. लढाई चार राउंडची धरा, आणि अग्निवर्षावात दर वेळी दोनच झोटिंग.

एकच लढाई: घाडी तीनदा अग्निवर्षाव करतो, १२६. उरलेल्या राउंडला छोटा मंत्र, ५.५ × ०.६ = ३.३. एकूण १२९. पाईक ४१.
चार लढाया, १६ राउंड: घाडी १२६ + १३ × ३.३ = १६९. पाईक १६३.
सहा लढाया, २४ राउंड: घाडी १९५, पाईक २४५.

क्लास तेच, आकडे तेच. फक्त दोन झोपांच्या मधल्या लढाया बदलल्या आणि वरचा खाली आला. घाडीची ताकद साठ्यात आहे, पाईकाची टिकाऊपणात. साठा रोज भरून मिळाला तर टिकाऊपणाची किंमत शून्य होते.

पोफळ
रोयणशी सहमत. हे जुनंच दुखणं आहे. १९७४ च्या पहिल्या डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये तीनच क्लास होते: लढवय्या, जादूगार आणि धर्मोपासक. तेव्हापासून लढवय्या सरळ रेषेत वाढतो आणि जादूगार वर्गाच्या पटीत, ही तक्रार चालत आली. २००८ च्या चौथ्या आवृत्तीने सगळ्या क्लासना एकाच साच्यात बसवलं: काही शक्ती हव्या तेव्हा, काही लढाईत एकदा, काही दिवसातून एकदा. समतोल आला, पण सगळे क्लास एकसारखे वाटतात असं पुष्कळांना वाटलं. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीने साठे पुन्हा वेगळे केले आणि हिशेब दिवसाला सहा ते आठ मध्यम लढाया नि दोन छोट्या विश्रांत्या असा धरला. साकवच्या टेबलासारखी एकच लढाई झाली की तो हिशेब कोसळतो.

कुळागर
जरा थांबा. सगळे डॅमेजच मोजताय. घाडीच्या यादीत एखाद्याला जागीच खिळवणारा मंत्र आहे का? साकव, तो लिहा आधी.

साकव
आहे. भारणी, १ बळ. एक शत्रू, तग नाही धरली तर लढाई संपेपर्यंत जागचा हलत नाही.

कुळागर
हाच तो खड्डा. झोटिंगाचे हिट पॉइंट ४०, भारणी लागायची शक्यता ५० टक्के. म्हणजे १ बळाला २० डॅमेजचं काम. अग्निवर्षाव दोन झोटिंगांवर २ बळाला ४२, बळामागे २१. कागदावर दोन्ही सारखे. पण ४० च्या जागी १२० हिट पॉइंटचा म्होरक्या आणलात की अग्निवर्षाव तिथेच राहतो आणि भारणी तिप्पट होते, १ बळाला ६०. शत्रू जितका मोठा तितका मंत्र स्वस्त, हे उलटं झालं.

उपाय: भारलेल्याने आपल्या प्रत्येक टर्नच्या शेवटी पुन्हा तग धरून बघायची. ५० टक्क्यांच्या हिशेबाने एकदा लागलेली भारणी सरासरी दोन टर्न टिकते. लागायचीच शक्यता निम्मी, म्हणून १ बळाला शत्रूचा सरासरी एक टर्न वाया. म्होरक्या कितीही मोठा असो, किंमत तीच राहते.

आबोली
मला विश्रांतीचा मुद्दा सोडवायचाय, कारण रविवारच्या तीन तासांत सहा लढाया कुणालाच जमणार नाहीत. खेळातला दिवस आणि टेबलावरचा दिवस वेगळे करा. पूर्ण विश्रांती झोपेला बांधू नका, जागेला बांधा. गावच्या राखणदाराच्या (गाव राखणाऱ्या दैवताच्या) हद्दीत गाऱ्हाणं घालून रात्र काढली तरच मंत्रबळ भरतं. हद्दीबाहेर रानात झोपलात तर थकवा जाईल, बळ येणार नाही. एक मोहीम दोन-तीन रविवार चालली तरी त्यात चार लढाया आरामात बसतात.

छोट्या विश्रांतीला भरती वापरा. आपल्याकडे दोन भरत्यांत साधारण १२ तास २५ मिनिटं असतात, आणि भरती रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते. जीएमने (खेळ चालवणाऱ्याने) मोहिमेच्या सुरुवातीला कागदाच्या कोपऱ्यात चार वेळा लिहायच्या: भरती सकाळी ६:००, ओहोटी १२:१२, भरती १८:२५, ओहोटी ००:३७. दर भरतीला एक छोटी विश्रांती, त्यात घाडीला १ बळ परत, पाईकाला लेव्हलइतके हिट पॉइंट परत. घड्याळ सगळ्यांना दिसतं, म्हणून "आता झोपूया का?" हा वाद मिटतो.

मानसवाला
आबोलीताई, कल्पना फार आवडली, त्यात एक भर घालतो. मानशीची दारं एकाच बाजूने चालतात. भरती चढली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने ती आपोआप मिटतात, ओहोटीला आतलं पाणी ढकलून उघडतं. म्हणजे होडीने खाजनात शिरायचं तर वेळ साधावी लागते, आणि ओहोटीला मानशीच्या तोंडाशी ओढ जबरदस्त असते. साकवचा तांडेल बिचारा होडी, दोर, जाळं घेऊन बसलाय, त्याला हेच काम द्या. पाण्याची वेळ एक पायरी मागेपुढे धरायचा हक्क त्याचा, मोहिमेत एकदा. असा क्लास घाडीच्या आकड्यांना हात न लावता उभा राहतो.

घुमट
पाणी आलंच आहे तर माणगे (मगरी) पण येऊ द्या, कुंभारजुव्याच्या कालव्यात आहेतच. 😄

मानसवाला
येऊ द्या, पण जपून. पौष अमावस्येला मातीचे माणगे थापून पुजणारे लोक आहेत आपले. मारायच्या यादीतला साधा राक्षस करू नका. वाट अडवणारं, नैवेद्याने बाजूला होणारं जनावर ठेवा.

आबोली
हेच राखणदाराबद्दल. राखणदाराला हिट पॉइंट देऊ नका आणि तो क्लासही करू नका. रोट, विडी, सोरो (दारू) ठेवून गाऱ्हाणं घालायची ती जागा. आकडे दिले की कुणीतरी त्याला मारायचा बेत करतोच.

साकव
पटलं. राखणदाराचा तक्ता केला होता, काढून टाकतो.

काजुली
मूळ प्रश्नाकडे. लढाया अरुंद बांधावर ठेवा. शत्रू पसरू शकत नाहीत, पाईक तोंडावर उभा राहतो, घाडीला मोकळं रान मिळत नाही. आकडे न बदलता काम होतं.

कुळागर
काजुली, उलटं होईल. चौकोन आखून बघा. एक चौकोन ५ फूट, बांध १० फूट रुंद, म्हणजे दोन चौकोन. चार झोटिंग दोन-दोनच्या जोड्यांनी येतात. पुढची जोडी पाईकाला भिडलेली, मागची तिच्या पाठीला. चौघं मिळून १० फूट लांब, १० फूट रुंद जागेत. अग्निवर्षावाचं वर्तुळ २० फुटांचं. केंद्र मागच्या जोडीच्या जरा मागे धरलं की चौघेही सापडतात आणि पाईक बाहेर राहतो. एका मंत्रात ८४. मोकळ्या शेतात हेच झोटिंग पांगले असते, दोनच सापडले असते. अरुंद जागा शत्रूला दाटीत आणते, आणि दाटी ही घाडीची मेजवानी.

बांध वापरायचाच तर शत्रू दोन्ही टोकांनी आणा, मध्ये आपली माणसं.

काजुली
बरोबर, मी फक्त पाईकाचा विचार केला. मग असं: मानशीची दारं लाकडी असतात. जवळ अग्निवर्षाव केला तर दार पेटेल, भरतीचं खारं पाणी शेतात घुसेल, गावकारी (गावची सभा) जाब विचारेल. घाडी आपोआप हात आखडता घेईल.

रोयण
एकदा गंमत म्हणून चालेल. रोज नको. क्लास जड झाला म्हणून जगानेच दर वेळी त्या एका खेळाडूला शिक्षा करायची, हा समतोल नव्हे. ज्याने घाडी निवडलाय त्याला मंत्र टाकावेसे वाटणारच. किंमत नियमात लिहा, आधी दिसेल अशी.

घुमट
रोयणचं धरून किंमत सुचवतो: जप. मोठा मंत्र लगेच सुटत नाही. या टर्नला जप सुरू केल्याचं जाहीर करायचं, पुढच्या टर्नच्या सुरुवातीला मंत्र सुटतो. मध्ये फटका बसला तर डी२०+३, लक्ष्य १०. ७ किंवा जास्त पडले की जप टिकला, म्हणजे ७० टक्के. दोन फटके बसले तर ०.७ × ०.७ = ४९ टक्के. जप मोडला तर टर्न जातो, बळ जात नाही. दोन्ही गेले तर खेळाडू चिडतो, आणि रास्तच.

याचा खरा फायदा पाईकाला. घाडी जपात असताना त्याला राखायला कुणीतरी लागतं. पाईकाच्या कामाला कारण मिळतं.

पोफळ
पण तो राखणार कसा? सध्याच्या नियमात झोटिंग पाईकाला वळसा घालून सरळ घाडीवर जाईल. हे आकड्यात बघा. झोटिंगाला पाईकावर १३ लागतात, ४० टक्के, हल्ल्यामागे ३.६ डॅमेज. ४४ हिट पॉइंट म्हणजे सरासरी १२ हल्ले. घाडीवर ७ पुरतात, ७० टक्के, हल्ल्यामागे ६.३. २६ हिट पॉइंट म्हणजे चार हल्ले. पाईक तिप्पट टणक आहे. पण शत्रूने त्याला मारायचं ठरवलं तरच तो टणकपणा उपयोगी. नाहीतर ढाल घेऊन उभा असलेला प्रेक्षक.

म्हणून 'अडवणूक' हवी. पाईकाच्या लगतचा प्रत्येक चौकोन शत्रूला दोन चौकोनांच्या भावात पडतो. शिवाय लगतचा शत्रू निघून जाऊ लागला तर पाईकाला एक फुकट वार, बसला तर शत्रू तिथेच थांबतो. फुकट वार राउंडला एकच ठेवा, नाहीतर एक पाईक अख्खी फौज रोखेल. दुसरा झोटिंग निसटतो, पण वेग कापला गेल्याने पोचायला एक राउंड जास्त लागतो, आणि घाडीला तेवढा एकच राउंड हवा असतो.

शिकाऱ्याचा +८ हा +७ वर आणा. डी२० वर प्रत्येक +१ म्हणजे ५ टक्के. ६५ टक्क्यांनी त्याचे राउंडला ११ होतात. लांबून मारायची सोय मोठी आहे, तेवढं पुरे.

बिमल
डी२० ऐवजी २डी६ घेतला तर? फासे घराघरांत असतात.

पोफळ
घेता येईल, पण मग सगळे बोनस पुन्हा बेतावे लागतील. २डी६ वर ८ किंवा जास्त यायची शक्यता ४१.७ टक्के, ७ किंवा जास्त ५८.३. म्हणजे मधोमध +१ ची किंमत जवळपास १७ टक्के. टोकाला, ११ चं लक्ष्य १० झालं तर ८.३ वरून १६.७. पाईक आणि शिकारी यांच्यातला दोनचा फरक २डी६ वर दरी होईल.

तिरफळ
वैद्याबद्दल कुणीच बोललं नाही. तीन झोटिंग पाईकाला लागले तर राउंडला १०.८ डॅमेज. वैद्य अख्खी ॲक्शन घालवून ७.५ भरतो. हरणारी शर्यत आहे ही, आणि त्याच्या वाट्याला दुसरं काही नाही. मग सगळे शहाणे होतात: माणूस शून्यावर पडेपर्यंत थांबायचं, मग थोडंसं देऊन उठवायचं. पडला-उठला, पडला-उठला.

पाचव्या आवृत्तीतही हे होतं. २०२४ च्या सुधारणेत बरं करायच्या मूळ मंत्रांचे फासे दुप्पट केले, १डी८ चे २डी८. तेवढ्याने वैद्याची ॲक्शन मोकळी होत नाही. मी असं करीन:

काढा दर भरतीला तयार होतो, तीन मात्रा, प्रत्येकी २डी४+३, सरासरी ८. पाजायला ॲक्शन लागत नाही, लगतच्या माणसाला चालता चालता देता येतो, टर्नला एकच. ॲक्शन मोकळी राहते, तिच्यात वैद्य विष लावलेला सुरा चालवू दे किंवा शत्रूच्या डोळ्यांत राख फुंकू दे.
लेप लढाईआधी लावायचा, दोघांना, प्रत्येकी ८ जादा हिट पॉइंट, लढाई संपली की गेले. आधीच रोखलेला मार नंतर भरण्यापेक्षा मोलाचा, कारण माणूस उभा राहतो आणि त्याचा टर्न वाचतो.
आणि शून्यावरून उठला की एक थकवा: सगळ्या फाशांवर उणे २, पूर्ण विश्रांतीपर्यंत. पडणं फुकट नको.

बिमल
एक लेव्हल वैद्याची, बाकी घाडीच्या, असं घेऊन काढे लुटता येतील की.

तिरफळ
येतील, म्हणून पहिल्या लेव्हलला एकच मात्रा द्या, दुसरी तिसऱ्या लेव्हलला, तिसरी पाचव्याला. क्लासचा गाभा पहिल्याच पायरीवर ठेवला की सगळे तिथूनच उचलतात.

रोयण
तपासायची पद्धत सांगतो. खेळाडू न बोलावता, जीएमने एकट्याने कोऱ्या कागदावर वीस लढाया फाशांनी खेळायच्या. प्रत्येक क्लासपुढे चार रकाने: दिलेलं डॅमेज, शत्रूचे वाया घालवलेले टर्न, स्वतःचे वाया गेलेले टर्न, आणि ज्या टर्नने लढाई फिरली तो कुणाचा. चौथा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. वीसपैकी बारा वेळा एकाच क्लासचं नाव आलं तर डॅमेज सारखं असूनही समतोल नाही. एका वेळी एकच आकडा बदला, नाहीतर कशाने काय झालं ते कळत नाही.

खऱ्या टेबलावर पाचवा रकाना: टर्नला लागलेली मिनिटं. पाईक अर्ध्या मिनिटात आटपतो आणि घाडी चार मिनिटं पानं चाळतो, तर तोही असमतोलच. मंत्र कार्डांवर लिहून द्या, एका कार्डावर एक.

साकव
मंडळी, मनापासून आभार. सगळं घालून पुन्हा आकडे काढले, बघा.

अग्निवर्षाव ८डी६ चा ६डी६ केला, सरासरी २१, माणशी १५.७५. मोठ्या मंत्राला जप. छोटा मंत्र १डी१०+२, राउंडला ४.५. भारणीवर दर टर्नला तग. पाईकाला अडवणूक. शिकारी +७. वैद्य तिरफळने सांगितला तसाच. पूर्ण विश्रांती फक्त राखणदाराच्या हद्दीत, भरतीचं घड्याळ आबोलीताईंचं.

एक लढाई, चार राउंड: जप, मंत्र, जप, मंत्र. दोन-दोन झोटिंग धरून घाडी ६३, पाईक ४१.
चार लढाया: तीन अग्निवर्षाव ९४.५, त्यांना सहा राउंड, उरलेले दहा × ४.५ = ४५. घाडी जवळपास १४०, पाईक १६३.

घाडी चमकतो, पण झाकत नाही. तांडेल मात्र जमिनीवर अजून रिकामाच वाटतो.

घुमट
भरतीला परत मिळणारं १ बळ धरलं नाहीस. मोहिमेत दोन भरत्या आल्या तर चौथा अग्निवर्षाव. त्याचे ३१.५, पण दोन राउंड जपात जातात म्हणून ९ वजा. घाडी १६२. पाईकाच्या बरोबरीला येतो. दोनपेक्षा जास्त भरत्या देऊ नकोस.

साकव
निसटलंच होतं ते. मोहिमेला दोन भरत्या, नियमात लिहितो.

मानसवाला
तांडेलाला जाळं द्या. फेक २० फूट, म्हणजे चार चौकोन. बोनस +६, बसलं तर शत्रू अडकतो, सुटायला त्याची ॲक्शन जाते. झोटिंगावर ६० टक्के, म्हणजे टर्नमागे शत्रूची ०.६ ॲक्शन वाया. भारणीने १ बळाला एक टर्न जातो, इथे बळ लागत नाही, म्हणून जरा कमी असणंच योग्य. जाळी दोनच, फेकलेलं उचलायला एक टर्न. पाईकाच्या अडवणुकीतून निसटलेला तो दुसरा झोटिंग हाच त्याचा मासा.

साकव
जाळं फाडता येईल?

मानसवाला
येईल. बचाव १०, हिट पॉइंट ५. फाटलं तर पुढच्या भरतीत विणून घ्यायचं.